तात्यांच्या नावावरची अकरा कुत्री

वडीलधाऱ्या मंडळींनो, आणि तिकडे खांबाआड उभ्या असलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

हातातली कामं टाकून तुम्ही सारे देवळात जमलात. मी बी.ए. झालेली, म्हणून मला बोलायला उभं केलंत. पण शिकलेलं काही आज उपयोगी पडत नाही. तात्यांना जाऊन आज चौथा दिवस. मी रडले. पण खरं सांगू? रडताना मला हायसंही वाटत होतं. मेलेल्या माणसाबद्दल असं कुणी बोलतं का? मी बोलते. त्यासाठी आधी माझी एक चूक सांगायला हवी. आजवर ती फक्त तात्यांना ठाऊक होती.

गेल्या साली मी सांगलीहून परीक्षा देऊन आले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आळीतले सगळे अर्ज माझ्याकडे येऊ लागले. एकदा ओढ्याकडच्या घरांची तक्रार आली, की एक तांबडं कुत्रं मुलांच्या अंगावर धावतं. चार ओळी पुरल्या असत्या. मी दोन पानं लिहिली. गावभर मोकाट कुत्री माजली आहेत, लोकांच्या जिवाला धोका आहे, असं बरंच काही. खाली सही केली आणि सहीपुढे बी.ए. लिहिलं.

आठ दिवसांनी सकाळीच म्युनिसिपालटीची माणसं आली आणि विष घातलेली भाकरी टाकून गेली. आपल्याकडे तव्यावरची शेवटची भाकरी कुत्र्याची. रोज हातानं टाकलेली भाकरी खाणाऱ्या जिवाला संशय यावा कसा? दुपारपर्यंत नऊ कुत्री गेली. तांबडं त्यांत नव्हतं.

तात्या वेशीजवळ बसले होते. पहिल्या लढाईत खेचरांच्या पलटणीत नोकरी केलेला हा माणूस, मागंपुढं कुणी नाही. एका कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन ते तिला ताक पाजत होते. ताक सगळं धोतरावर सांडत होतं. मी म्हणाले, "तात्या, तो अर्ज माझा होता."

ते ताक पाजतच राहिले. कुत्री निपचित झाली, तेव्हा म्हणाले, "अक्षर बरं हाय का गं तुजं?"

"आहे."

"मग त्याच अक्षरात दुसरा अर्ज ल्ही. आन् या बारीला जरा कमी ल्ही."

ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आहे आणि ज्याच्या मालकाचं नाव म्युनिसिपालटीत लिहिलेलं आहे, त्याला मारायचं नाही, असा नियम होता. तात्यांनी जुन्या खोगिराचं चामडं कापलं, रहिमतपूरच्या बाजारातून बकलं आणली आणि उरलेली अकरा कुत्री स्वतःच्या नावावर लावून घेतली. कारकून म्हणाला, "तात्या, एकट्या माणसाला अकरा कुत्री?"

"साठ खेचरं सांबाळलीत, सायब. ही काय जड हाईत व्हय?"

मांजरांचं काय, असं मी विचारलं. "मांजराला पट्टा बांधून दाव, मग मला सांग," म्हणाले. मांजरांसाठी त्यांनी दाराची खालची फळीच काढून टाकली होती.

मग तात्या अंथरुणाला खिळले. मी रोज संध्याकाळी जायची आणि रोज तेच ऐकायची. "पोरी, मी गेलो की माजं नाव खोडत्याल. ही पुन्ना बेवारशी. उन्हाळा लागला की भाकरी टाकत्याल." दुखण्याबद्दल त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. झोप लागत नव्हती ती या एका गोष्टीपायी.

एकेक कुत्रं आपल्या नावावर घ्या, म्हणत मी घरोघर फिरले. पुरुष मंडळी हसली. तुमच्यातलेच होते, आता माना खाली घालू नका! मग मी चुलीपाशी गेले. दहा जणी तयार झाल्या. दहा जणी, दहा कुत्री. आम्ही सगळ्या कचेरीत जाऊन उभ्या राहिलो.

कारकून म्हणाला, "घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव सांगा."

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मी सांगू लागले, तर कारकून म्हणाला, "तुम्ही नाही, बाई. ज्याचा अर्ज त्यानं बोलायचं. नाहीतर परत जा."

दोघी दाराकडे वळल्याही. इतक्यात गोदावहिनी पुढे झाल्या. त्यांचे यजमान सध्याच्या या लढाईत आहेत, दोन महिने पत्र नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या,

"मोत्याच्या गळ्यात पट्टा, ओट्यावर त्याला जागा,
सर्जेरावांचं नाव घेते, सायब, लिहायला लागा!"

कचेरी हसली. वहिनी हसल्या नाहीत. ते नाव घेताना त्यांचा आवाज कापला, तो मी ऐकला. मग एकीमागून एक उखाणे सुरू झाले. बायजाआक्कांचा काही संपेना. कारकून म्हणाला, "आवं आक्का, आटपा की!"

"गप ऱ्हावा! चाळीस वर्सांनी नाव घेतीया म्हाताऱ्याचं, घिऊ द्या की निवांत."

दहाही नावं लिहिली गेली. मी धावत तात्यांकडे आले आणि सगळं सांगितलं. उखाणे पुन्हा म्हणून दाखवले. ते खोकत खोकत हसले. मग विचारलं, "आन् लंगडी?"

लंगडी म्हणजे अकरावी कुत्री. तिला कुणी घेतलं नव्हतं.

"लंगडी माझ्या नावावर, तात्या. दोन ओळींचा अर्ज दिलाय."

"घरात इचारलंस?"

"नाही."

"लय शानी," म्हणाले, आणि डोळे मिटले. त्या दिवशी त्यांना गाढ झोप लागली. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्या तीन दिवसांत त्यांनी कुत्र्यांचं एकदाही विचारलं नाही. म्हणून मला हायसं वाटतं. नऊ गेली ती माझ्यामुळे गेली, ते काही पुसलं जायचं नाही. पण तात्या मोकळ्या मनानं गेले.

काल कचेरीत त्यांचं नाव खोडलं. मी तिथे उभी होते. अकराच्या अकरा नावं खाली शाबूत आहेत, मी स्वतः वाचली.

आता सगळ्यांनी उभं राहावं. आपण दोन मिनिटं शांत राहू. बाहेर पायऱ्यांवर ती अकराही कुत्री येऊन बसली आहेत. एखादं भुंकलं तर त्याला हाकलू नका. ज्यांचं असेल त्यांनी फक्त एकदा त्याच्याकडे बघावं.

तात्या, नमस्कार करते.