बावीसवर थांबलेला आकडा

श्रेणिक : अक्का, नियम तूच लिहिलायस की. लागोपाठ दोन आवृत्त्यांत कुणी चाचणीचा अहवाल पाठवला न्हाय, तर ते हार्डवेअर यादीतनं बाद. आता म्हणतीस, सेन्सरचा आकडा वाचायचं ते जुनं कार्ड परत घ्या.

अपूर्वा : चकोरसारखी फुकट वाटायची ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळायला आपण सहाजण, तेही नोकऱ्या करून. नव्या लॅपटॉपवाल्यांच्या रोज चाळीस तक्रारी. आणि या कार्डाबद्दल दोन वर्षांत एक ओळ आली नाही. मला वाटलं, कुणी वापरतच नसेल.

श्रेणिक : मग बरोबरच हाय की.

अपूर्वा : जे नीट चालतंय, त्याचा अहवाल कोण पाठवतं रे?

श्रेणिक : पण चालतंय कुठं? शिरोलीत आमच्या फौंड्रीनं तसली कार्डं कवाच भंगारात घातली.

अपूर्वा : त्याच भंगारातलं एक तू मला आणून दिलंस. कुरुंदवाडला, माझ्या माहेरी. घाटावरच्या पाणी मोजायच्या खांबापासून वायर ओढून आपण दोघांनीच जोडलं.

श्रेणिक : पुराची पेटी? ती अजून चालू हाय?

अपूर्वा : पाणी पंचवीस फुटांना आलं की गल्लीत भोंगा वाजतो. माझं बाळंतपण आलं आणि ती पेटी डोक्यातून पार गेली. आज नदी चढतेय म्हटल्यावर आठवली.

श्रेणिक : नवी आवृत्ती दुपारी एकला सोडलीया. ती पेटी चकोरवरच चालती न्हवं, अपडेट आपोआप घेती काय?

अपूर्वा : आण्णांना काही दाबायला लागू नये म्हणून मीच तसं ठेवलं.

श्रेणिक : मग नव्या आवृत्तीत पेटीला कार्ड दिसायचं बंद. स्क्रीनवर कायतरी चूक दाखवंल, कळंल त्यांस्नी.

अपूर्वा : नाही दाखवणार. वाचन चुकलं तर शेवटचा आकडा तसाच धरायचा, असं तूच लिहिलंस. भोंगा उगाच वाजू नये म्हणून.

श्रेणिक : तुझी पोर कुठं हाय, प्रियू?

अपूर्वा : तिकडंच, आजोळी. मी तासातासाला आकडा विचारतेय. दर वेळी बावीस सांगतात. मला बरंच वाटत होतं, श्रेणिक.

श्रेणिक : फोन लाव. आधी फोन लाव.

(फोन स्पीकरवर.)

आण्णा : किती फोन करतीस गं? सांगितलं न्हवं, बावीस.

अपूर्वा : कधीपासून बावीस, आण्णा?

आण्णा : जेवल्यापासनं. पाणी थांबलंय. गल्लीतली माणसं ट्रॅक्टरात सामान भरत होती, मीच थांबवली. म्हटलं, माझ्या लेकीचं मशीन हाय, ते चुकायचं न्हाय.

अपूर्वा : स्क्रीन सोडा. दार उघडून घाटाकडं बघा.

आण्णा : पोरगी आत्ताच झोपलीया. दार वाजलं की उठंल.

अपूर्वा : उठू दे. उचलूनच घ्या तिला.

आण्णा : बरं, घेतली. थांब.

श्रेणिक : आण्णा? काय दिसतंय?

आण्णा : आरं, घाटावरची पिराजीची टपरी पाण्यात दिसंना झालीया.

अपूर्वा : आण्णा, आत जाऊ नका. आईला हाक मारा आणि तसेच निघा.

आण्णा : व्हय, व्हय. पण आकडा तर बावीसच हाय की गं.