फियाट विकत घ्याची का भाड्यानं

त्या फियाटची गोष्ट तुमाले कधी सांगतली नाही वाटते. तवा आम्ही दारव्ह्याले राहत होतो अन् माह्या मोठ्या भावाले, दादाले, गाडी घ्याची होती. यवतमाळच्या एका वकिलाकडं दोन होत्या, फियाट अन् अँबेसिडर. विकत घ्या, नाहीतर महिन्याच्या भाड्यानं न्या, म्हणे. दादाचं काही ठरेच ना. शेवटी चालवून पाहाले म्हणून फियाट घरी आणली.

दुसऱ्याच सकाळी वहिनीले कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. मागं वहिनी अन् माय, पुढं दादा, गाडी मी चालवून राह्यलो होतो. यवतमाळच्या अलीकडं कापसाच्या बैलबंड्यांनी सारा रस्ता अडवलेला. दादा उतरून ओरडला, "अरे, बाजूले घ्या, बाई अडली हाये!"

बंडीवाल्यांनी बैल ओढले, पण वाट काही होये ना. तेवढ्यात माय म्हणे, "आता राहू दे. खाली उतर अन् तिकडं तोंड कर."

मी उतरलो. बंडीवाल्यांनीही पाठ फिरवली. आतून वहिनीचं कण्हणं थांबलं. दादानं माहा हात असा दाबला का बोटं बधिर झाली. मंग लेकरू रडलं, अन् दादानं माहा हात सोडला.

यवतमाळच्या दवाखान्यात मायलेकी सुखरूप. संध्याकाळी खबर कळून वकीलसाहेब तिथंच आले. "काय ठरवलं मंग?"

दादा डोकं खाजवत म्हणे, "सध्या महिनाभर भाड्यानंच..."

खाटेवरून वहिनी बोलली, "अजी, विकतच घ्या. पोरगी भाड्याच्या गाडीत झाली, असं काय मी लोकायले सांगत फिरू?"