घोटलेला उतार

मुलगी — बाबा, अजून थोडं पाणी घालू? फावडं हलत नाहीये.

बाबा — अजिबात नाही! हात दुखतो म्हणून पाणी वाढवायचं नसतं. माल पातळ झाला की सगळा उतारावरून ओघळून खाली येईल.

मुलगी — तुमचं बरंय, स्टुलावर बसून हुकूम सोडायचे.

बाबा — वजन उचलायला डॉक्टरांची मनाई आहे म्हणून. नाहीतर गवंड्याच्या हातात एव्हाना घमेलं असतं. या शेवटच्या खेपेला चार घमेली खडी घातलीस ना?

आई — चार घातली, मी मोजलीत. या चाकांच्या खुर्चीत दारात बसून दुसरं करू काय? खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन महिने या तीन पायऱ्यांनी मला घरात कोंडून ठेवलंय.

बाबा — अगं, म्हणून तर पायऱ्यांवर उतार करतोय. ओत गं पोरी. कडेच्या फळ्यांच्या आतच. आता फळीनेच सारखं कर आणि जा, अंघोळ कर. सिमेंटची बाहुली झालीयेस.

मुलगी — आणि तुम्ही?

बाबा — थापी उचलायला मनाई नाही.

(दोन तासांनी.)

मुलगी — बाबा! हे काय करून ठेवलंत?

बाबा — वरून कोरडं सिमेंट भुरभुरवून मस्त घोटलं. तोंड बघ त्यात!

मुलगी — तेच बघतेय. चाकं थांबतील का यावर? जरा ओलं झालं की आई खुर्चीसकट थेट फाटकापर्यंत जाईल!

बाबा — अरे देवा.

आई — काय झालं? एवढ्या मोठ्या गवंड्याला देव का आठवला?

बाबा — लोकांकडे उतार केला की घसरू नये म्हणून खराट्याने रेघा मी स्वतः ओढायचो. आणि आपल्याच दारात विसरलो!

आई — सगळं माझ्या जिभेचं काम. तीस वर्षं ऐकवलं ना तुम्हाला, लोकांच्या घरी आरसे घोटता आणि माझ्या स्वयंपाकघराला तेवढी खरखरीत जमीन.

बाबा — तेच डोक्यात होतं. म्हटलं, एक तरी गुळगुळीत काम हिच्यासाठी करू.

आई — वेडे कुठले! मला आधी सांगायचं तरी.

मुलगी — अजून ओलं आहे. मी खराटा आणते.

बाबा — थांब जरा. बघू दे तुझ्या आईला.

मुलगी — बाबा, सिमेंट आवळत चाललंय, कडक होईल ते.

आई — बघितलं हो. पोटभर बघितलं. असं काम मी कुणाच्याच घरी पाहिलं नाही. आता मोडा ते, आणि तुमच्याच हाताने मोडा. मला बाहेर यायचंय.

बाबा — दे तो खराटा इकडे. रेघा आडव्या ओढायच्या असतात. तुझ्या बाबाशिवाय सरळ कुणाला जमायच्या नाहीत.

मुलगी — ओढा. मान्य आहे तुमचं.

बाबा — आता आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. नवव्या दिवशी खुर्ची बाहेर.

आई — नऊ दिवस!

मुलगी — आणि त्या दिवशी मी कामावर असले तर? तुम्हाला जोर लावायचा नाहीये, बाबा.

बाबा — कामावर जायच्या आधी निघू. वर चढवताना तू ढकल. उतरताना मागून नुसतं धरून राहायचं असतं. ते मी करीन.