सिमेंटचे पोपट

—लावा ना हात. लावा, काही होत नाही. इकडून खांबाकडून या, ओट्यावर चढा म्हणजे पुरेल हात. लागलं गार? लाकूड असं गार लागत नाही, ताई. माघातल्या सकाळी सुद्धा नाही लागत. सिमेंट आहे ते. वरून तपकिरी ऑइल पेंट मारलाय, आणि पेंट ओला असताना त्याच्यावर कंगव्याने रेघा ओढल्यात, म्हणजे लांबून लाकूड वाटावं. कंगव्यानेच. माझाच कंगवा. पेंटर म्हणाला, वहिनी, जुना कंगवा असेल तर द्या, मी म्हटलं गाडीने आलाय बिचारा, केस विस्कटले असतील — दिला. मग बघते तर हा पोपटांचे केस विंचरतोय!

उतरा. बसा इथं सावलीत. पाणी आणू? नको? — बरं. पण तुम्ही एकट्या कशा आल्या इकडं? रतिलाल शेठ तुम्हाला आधी शाळेत नेणार, मग हार, मग भाषण, मग जेवण, आणि जेवल्यावर गल्ली दाखवायची असं ठरलं होतं ना? त्यांना न सांगता आल्या. बरं केलं. नाही — वाईट केलं. मला सांगून ठेवलंय, पुण्याच्या संस्थेच्या बाई येतील, त्यांनी विचारलं तर काय बोलायचं ते. मी म्हटलं, बोलेन. तेवढं बोलायला काय लागतं? घर सुंदर झालं, कमेटीने खूप केलं, आम्ही आभारी आहोत. झालं बोलून. लिहा.

लिहीत नाही तुम्ही. वर बघताय अजून.

ती पोपटांची पट्टी माझ्या सासऱ्यांनी सागात कोरली होती — ही नाही, हिच्या जागी होती ती. नथ्थू मिस्तरी म्हणून एरंडोलपासून धुळ्यापर्यंत कुणालाही विचारा. दुसऱ्यांचे दरवाजे, पाळणे, देव्हारे करून संध्याकाळी घरी यायचे नि दिवा लागेपर्यंत जेवढा उजेड असेल तेवढ्यात स्वतःच्या घराचं काम. मी लग्न होऊन आले तेव्हा सात पोपट झाले होते. माझ्या समोर बाकीचे झाले. आणि कडेला केळीचे घड, दोन्हीकडे. एक पोपट मान खाजवणारा होता. एक मागं वळून बघणारा. एकाची चोच उघडी — आबा म्हणायचे, ही बेबाबाई, सारखी बोलते. म्हणजे मी. सुनेची अशी चेष्टा करणारा सासरा तुम्ही बघितलाय? आणि दर दिवाळीला त्या लाकडाला तेल पाजायचे, फडक्याने, बाळाला लावतात तसं. आणि आता बघा — सगळे एका साच्यातले, सगळे एकाच बाजूला तोंड करून बसलेत, तिकिटाच्या रांगेत उभे असल्यासारखे. थू.

लातूरकडं भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट, गेला दसरा नुकताच झाला होता. तिकडच्या बातम्या ऐकून आधीच पोटात भीती बसलेली, नि एका दुपारी इथंच जमीन हलली. फार नाही — हंड्यातलं पाणी हिंदकळलं, फळीवरचे डबे खाली आले. पण जुनी घरं, मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, त्याचं केवढं वजन! गल्लीतल्या निम्म्या घरांना भेगा गेल्या. आमची माडीची भिंत पोट पुढं काढून उभी राहिली, आणि तिच्यासमोर ती पट्टी तशीच, एक पोपट हलला नाही. लोक केळीच्या बागांमध्ये झोपायला गेले. आम्ही पण गेलो.

मग कमेटी निघाली. रतिलाल शेठ केळीचे व्यापारी, त्यांचा शब्द मोठा. आमच्याच ओट्यावर उभं राहून बोलले — ही गल्ली गावाचं नाक आहे, आणि नथ्थू मिस्तरीचं घर त्या नाकातली नथ! टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. खोटं कशाला सांगू, तेव्हा बरं वाटलं होतं. आणि लोकांनी केलं पण, ताई. पहिले रविवार बघायला पाहिजे होते तुम्ही. बायका रांग करून पाणी आणायच्या, कुणी बैलगाडीने माती आणली, ज्यांची घरं पडली नव्हती ते पण आले. जळगावहून कॉलेजची पोरं आली, त्यांनी पट्टी हळूच उतरवली, तिचे तुकडे केले नाहीत, जोड होते तिथंच सोडवली, नि प्रत्येकाच्या मागं गेरूने आकडा टाकला — कोणता कुठं बसवायचा. ताडपत्रीखाली ठेवली. त्याआधी तिचा फोटो काढला, तो कॅलेंडरवर छापला. घराघरात लागलंय ते कॅलेंडर. आता पण लागलेलंय.

मग थंडी पडली नि वांगी आली.

हसू नका, तुम्हाला माहीत नाही आमच्याकडं थंडीत काय होतं ते. थंडी पडली की खानदेशातला माणूस भरताशिवाय दुसऱ्या कशाचा विचार करत नाही. हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजायची, मिरच्या-लसूण घालून लाकडी बडगीत, उखळासारखीच ती, कुटायचं, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. मी पण त्यातलीच. तर पहिल्या रविवारी काम झाल्यावर भरीत. दुसऱ्या रविवारी निम्मं काम नि भरीत. मग भरतासाठीच लोक यायला लागले, एरंडोलहून, पारोळ्याहून, शेठचे व्याही, व्याह्यांचे मित्र. मारुतीच्या पारासमोर जेवून आडवे पडायचे, आणि आमच्या भिंतीची माती तशीच कालवलेली, वाळून दगड झालेली. कुणी आलं की शेठ म्हणणार, श्रमदान चाललंय. घास घ्यायचे श्रम! 

आणि मार्गशीर्षात अवकाळी पाऊस आला. दोन दिवस. रविवारी भुसावळहून मोठे पाहुणे यायचे होते, टोपल्याच्या टोपल्या वांगी येऊन पडलेली, आणि काड्या भिजलेल्या. पेटेनात. नुसता धूर. तेव्हा पोरांनी — कमेटीच्या पोरांनी, कुणी ते माहीत नाही — ताडपत्रीखालचं लाकूड नेलं.

हो. तेच.

मला काय माहीत? मी मागच्या अंगणात बायकांबरोबर. भाजलेली वांगी टोपलीतून यायची, आम्ही सोलायचो, कुटायचो. हात भाजत होते नि मी हसत होते, मंदाबाई काहीतरी सांगत होती तिच्या जावयाचं. कुटलं, वाढलं, बायकांची पंगत बसली, मी जेवले. आणि सांगू का — चव लागली. कधी नाही अशी. मी म्हटलं, आज भरताला काय गोड वास येतोय, वेगळाच. दुसऱ्यांदा घेतलं. बोटं चाटली मी, ताई.

सागाचा धूर होता तो. एवढ्या दिवाळ्यांचं तेल प्यायलेला साग. त्याला काय, काडी दाखवली की पेटला असेल.

ताटं धुवायला राख आणायला गेले पाराकडं. घमेल्यात राख भरते नि हाताला काय लागलं तर घड. केळीचा घड, अर्धा. खालची चार केळी उरली होती, वरचं सगळं कोळसा, आणि उलटा केला तर मागं गेरूचा आकडा. मला आधी कळलंच नाही. वाटलं, हे इथं कसं पडलं, पावसात भिजेल ना. आणि मग कळलं. तिथंच उलटी झाली. सगळं बाहेर आलं, पाहुण्यांसमोर, भुसावळच्या. एक म्हणतो कसा — वांगी बाधली बाईला, बी असेल जून.

तेव्हापासून वांगं नजरेला पडलं तरी मळमळतं. आज पण तेच करताहेत तुमच्यासाठी, आला ना वास? मी दार लावून बसले होते.

तुम्ही डोळे पुसताय. राहू द्या हो. नाही, पण — बरं वाटलं. इथं कुणाच्या डोळ्यात आलं नाही. शेठ म्हणाले, वहिनी, सडेल लाकूड होतं, वाळवी लागणारच होती, मी तुम्हाला साच्यातले पोपट करून देतो, त्याला वाळवी नाही नि पाऊस नाही, पहिल्यापेक्षा बरं. आणि चार लोक मान हलवतात — बरोबर आहे, पहिल्यापेक्षा बरं. सडेल म्हणजे सडकं! ज्यांनी कधी हात लावून बघितला नाही त्यांना दिसलं सडेल.

घरात पुरुष कोण म्हणता? — माझे मालक. अभिमन त्यांचं नाव, नथ्थू मिस्तरींचा एकुलता. आता तिकडंच आहेत, तुमच्या जेवणाचं बघताहेत. त्यांनी का थांबवलं नाही म्हणता? ते तिथं — नव्हते. होते. होते तिथं.

मगाशी मी पोरांनी नेलं म्हटलं ना. पोरांनी नाही नेलं. शेठ म्हणाले, "अभिमन, काड्या त बठ्ठ्या वल्या शेतस रे! काही सुकं देख ना तुना घरमा." आणि कुणीतरी म्हटलं, "ते तठे ताडपत्रीखाले पडेल शे ना." झालं. एवढंच. कुणी हुकूम केला नाही, कुणी मारायला उठलं नाही. एवढ्या लोकांमध्ये शेठना नाही कसं म्हणू — हे मला नंतर सांगतात. नाही कसं म्हणू! स्वतःच्या बापाचं काम दोन्ही हातांनी उचलून आणलं, मोळी आणतात तसं, आणि वाढायला उभे राहिले. मग स्वतः जेवायला बसले, तेव्हा मी तो अर्धा घड घेऊन समोर गेले, म्हटलं, "हाई काय शे?" तर ताटाकडं बघत राहिले. आणि हात थांबला नाही, ताई. भाकरी मोडत होते. शेठ रागावले असते तर समजलं असतं, ते काही रागावणारे पण नव्हते. एक शब्द पुरला असता. मी रोज वाढते त्यांना, रोज समोर बसून जेवतात, आणि मी भिंतीकडं बघते.

आणि आता लाज बघा. कुणी पाहुणा आला की ह्या सिमेंटकडं बोट करून सांगतात — आमच्या आबांच्या हातचं. छाती काढून. तुम्हाला पण सांगणार होते आज. मला म्हणाले, तू फक्त मध्ये बोलू नको.

—काय लिहिता? थांबा. हे सगळं नका लिहू. अहो, मी बोलत सुटले, ते माझं तोंडच तसं, पण लिहू नका. तुम्ही वाईट लिहिलं तर बाकीची घरं राहतील ना. तुमची संस्था चांगलं बघून मग पुढची करणार, असं शेठ म्हणाले. समोरचं घर बघा — ते, खुरट्या लिंबाच्या मागं. भागाबाईचं. धाबं मधोमध फाटलंय, तुळई खाली आलीय, तिला बाभळीचे दोन टेकू दिलेत, आणि त्या टेकूच्या खाली खाट आहे सुकदेव नानांची. भागाबाईचे मालक. अर्धं अंग गेलंय त्यांचं, हलवता येत नाही, नि हलवून न्यायचं कुठं? बागेत? सगळी गल्ली पळाली तेव्हा पण ते आत होते, नि ही त्यांच्या उशाशी बसून होती. मृग लागायच्या आत वर काही घातलं नाही तर ती माती भिजून त्यांच्या अंगावर येणार, त्याला इंजिनेर लागत नाही सांगायला. भागाबाई सकाळीच आली होती माझ्याकडं. म्हणाली, "बेबा, तुनं दुख मले माहीत शे. पण आजना दिन चूप ऱ्हाय माय." मी म्हटलं, राहीन. तिच्यासाठी राहीन. आणि बघा काय केलं मी. म्हणून म्हणते, खोडा ते. लिहा की काम उत्तम आहे. पोपट लाकडाचे आहेत असं लिहा, मी सही करते, अंगठा मागाल तर अंगठा देते. मला माझे पोपट नकोत, गेले ते.

काय म्हणालात?

नक्षी? भागाबाईच्या घराला?

नाही हो. कसली नक्षी. शेतमजुराचं घर ते. भिंती, धाबं, दार. दार पण बाभळीचं.

म्हणजे?

संस्थेचा नियमच आहे म्हणता. नक्षीची घरं, जुन्या कामाची घरं, तेवढीच. बाकीची यादीत बसत नाहीत. म्हणजे मी बोलले असते तरी, नि गप्प बसले असते तरी — आणि हे रतिलाल शेठना माहीत होतं? पहिल्यापासून? कागद आला होता त्यांना. आणि तिला सांगतात, पुण्याच्या बाई आल्या की तुझं धाबं झालंच समज.

तुम्हाला वाईट वाटतं. हो, दिसतंय. मगाशी पोपटांसाठी डोळ्यात आलं तुमच्या, मला वाटलं, आली बाई एक, माणसातली. तिच्या दारावरून चालत आलात ना तुम्ही इकडं? बघितलं का आत? नाही बघितलं. वर बघत आलात. सगळे वरच बघत येतात. शेठला भरीत दिसतं नि तुम्हाला लाकूड दिसतं, आणि मी काय वेगळी? एवढा वेळ कशाचं रडगाणं गात होते मी, त्या खाटेच्या समोर बसून?

उठा, ताई. नाही, राग नाही. उठा तुम्ही, शेठ शोधत असतील, हार वाळायचा. आणि पुढून नका जाऊ. भागाबाईने सकाळीच दार सारवलंय, मगाशी आत होती, आता धुतलेलं लुगडं नेसून उंबऱ्यात येऊन बसलीय, तुम्ही समोरून गेलात की उठून नमस्कार करेल. मागच्या बोळातून जा.