तासभर धुकं

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या कानांवर शेजारच्या बाकावरच्या बापलेकीचे बोलणे पडत होते.

“बाबा, डॉक्टरांना परवाचं खरं सांगायचं.”

“काय सांगू? तीस वर्षं लोकांना डोंगर दाखवणारा मी, त्या गवताळ, सपाट माथ्यावर वाट चुकलो म्हणून? गुरंसुद्धा चढतात तिथे!”

“पण चुकलात कसे?”

“धुकं दाटलं गं. निवळेपर्यंत थांबा, म्हणालो सगळ्यांना.”

“थांबले?”

“बाराही जण, तासभर. हूं की चूं नाही.”

“बाबा, परवा धुकं नव्हतं.”

बाईंनी हातातले वर्तमानपत्र जरा वर धरले.

“कळलं मला, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका पोरीने आपली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. म्हणाली, ‘काका, ऊन फार आहे.’”