‘हो, सोडा त्याला’ या माझ्या शब्दांबाबत पुरवणी जबाब

मी, वय ३७ वर्षे, धंदा घरून नोकरी, एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे लिहिणे, नाव व पत्ता सोमवारच्या जबाबात आहे तोच, समक्ष हजर राहून पुरवणी जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर तिसऱ्या मजल्यावर पती व सासरे यांच्यासह राहते. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ७९, पूर्वी एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडतो. ते एकटे बाहेर निघाले तर आधी मला विचारा, असे मीच गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवले होते. या वॉचमनना मिशांमुळे सगळे सुभेदार म्हणतात.

माझ्या कामाची वेळ लवचीक आहे. म्हणजे डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत कधीही. लॅपटॉप, दोन फोन आणि इंटरकॉम यांपैकी काहीतरी वाजतच असते. डोक्याचा पार भुगा होतो. कोण काय विचारते आहे हे नीट कानावर पडण्याआधीच हल्ली माझ्या तोंडून हो निघून जाते.

शनिवारी सकाळी ११.२० च्या सुमारास मी मीटिंगमध्ये असताना अण्णा बाहेर पडले. पाच तासांनी ते त्यांच्या जुन्या, बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाशी पडलेले सापडले. खुब्याचे हाड मोडले आहे. वॉचमनने मला न विचारता गेट उघडले, असे माझ्या सोमवारच्या जबाबात लिहिलेले आहे. त्यावरून सुभेदारांना कामावरून काढले असून त्यांच्यावर गुन्हाही दाखल होणार आहे.

ते वाक्य खोटे आहे.

काल सुभेदार दवाखान्यात अण्णांना बघायला आले. जिन्यात मला म्हणाले, “ताई, मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, हो, सोडा त्याला.” आवाजही चढवला नाही. मी घरी जाऊन मीटिंगचे रेकॉर्डिंग ऐकले. माझा माइक चालूच राहिला होता. आधी अण्णा बोलतात, “सूनबाई, जरा पाय मोकळे करून येऊ का?” हे ते तीनदा विचारतात. मी तिन्ही वेळा “हं” म्हणते. मग इंटरकॉम वाजतो व मी ते शब्द बोलते. मला पार्सलवाला वाटला होता. ऐकताना मला स्वतःची लाज वाटली. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर जमा करत आहे.

पती म्हणाले, “कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस?” येथील हवालदारांनीही समजावले, “ताई, जबाब फिरवलात तर तुमच्यावरच शेकेल.” मी म्हणाले, “शेकू दे. लिहा.” सुभेदारांना परत कामावर घेईपर्यंत मी सोसायटीच्या ऑफिसात रोज जाणार आहे, हेही लिहावे.

सोमवारी हवालदारांनी, “वॉचमनने न विचारताच सोडलं ना?” असे विचारले, तेव्हा मी फोनवर कंपनीला उत्तर लिहीत होते. हो म्हणाले. तो जबाबही मला वाचून दाखवला होता. मी सही केली, ऐकला नाही.

आज फोन बंद करून हवालदारांच्या टेबलावर ठेवला आहे. हा जबाब मी त्यांना दोनदा वाचायला लावला. सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणाले. या वेळी त्यांनी काय विचारले ते मी ऐकले होते.