दुसरी खुर्ची, दोन किलो

विक्रेता: अहो काकू, हे काय काढलंत पर्समधून?

आई: दाभण.

विक्रेता: दाभण कशाला?

आई: चाळीस वर्षं बाइंडिंग केलं मी. पुस्तकं सुटली, दाभण पर्समध्येच राहिला. जरा सरका. तुमच्या ह्या फिरत्या घराच्या भिंतीचा, खिडकीखालचा कागद नवा दिसतोय.

विक्रेता: मुद्दाम लावून घेतला. जुना फिका पडला होता.

आई: आणि बाकीच्या तीन भिंतींचा नाही पडला? ऊन एवढ्या कोपऱ्यालाच लागलं?

चिरंजीव: आई, लोकांच्या वस्तूला भोकं पाडू नकोस.

आई: पाडत नाही रे. विचारतेय. गेला बघ! बोटभर गेला, लोण्यात जावा तसा.

विक्रेता: तेवढाच भाग असेल हो. एक तुकडा बदलला की गाडी दहा वर्षं चालेल.

आई: नाक आणा इकडे. गोदामात भिजलेल्या रद्दीचा वास येतो की नाही? हा वास आला की मी पुस्तक हातात घ्यायची नाही. वरून कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि आत शिवण मेलेली.

चिरंजीव: पण काम बघ ना काय सुरेख आहे! कपाटाच्या दाराची ही गोलाई, हे कंगोरे. बाबांनी पाहिलं असतं तर...

आई: तर चौदावं वार्निश चढवलं असतं.

विक्रेता: साहेबही याच धंद्यातले का?

आई: धंदा कसला, नाद. घरामागच्या अंगणात गाडा बांधत होते, असाच, मोटारीमागे ओढायचा. अकरा वर्षं बांधला.

विक्रेता: वा! मग खूप फिरला असाल.

आई: फिरलो तर. अंगणाच्या त्या टोकापासून मागच्या पायरीपर्यंत. तेही ढकलायला सहा जण.

चिरंजीव: सगळ्यांना हसवायला तुला तोच किस्सा सापडतो. त्यांनी जीव ओतला होता त्यात. मी होतो ना फळ्या धरायला.

आई: तू फळ्या धरल्यास, मी पडदे शिवले. तीनदा. तिन्ही वेळा खिडकीसकट गेले. एक फळी बदलून होईपर्यंत दुसरी कुजलेली असायची. आणि दर उन्हाळ्यात तेच पालुपद, "यंदा निघूच." माणूस सागाचा होता रे. गाडा प्लायचा.

विक्रेता: मग काकू, ॲल्युमिनियमची दाखवू? वरून पत्रा, चकाचक.

आई: पत्र्याच्या आत सांगाडा कशाचा?

विक्रेता: सांगाडा... लाकडाचाच.

आई: म्हणजे तीच नवरी, शालू तेवढा बदललेला. ती कुंपणापाशी काय पांढरी उभी आहे?

विक्रेता: ती? ती तुम्हाला दाखवायची नव्हती. जुनी आहे, बसकी आहे, गिऱ्हाईक लांबूनच हसून जातं.

आई: मग मी जवळ जाऊन हसते. चला.

चिरंजीव: अगं, ही काय उलटी ठेवलेली बादली!

आई: बादली कुजताना पाहिलीस कधी?

विक्रेता: खरं सांगू का काकू, तुम्ही दाभण घेऊन फिरताय म्हणून खरंच सांगतो. सगळी फायबरची. वरचा अर्धा, खालचा अर्धा, साच्यातून काढायचे आणि मधोमध चिकटवायचे. भिंतीत लाकूड नाही.

आई: म्हणजे जोड एकच.

विक्रेता: एकच. खिडकीच्या रबरातून एखादा थेंब येतो. नाही म्हणणार नाही.

आई: थेंब येऊ दे. आला तर पुसता येतो. भिंतीत राहायला जातो त्या पाण्याचं मला भय. आणि जमीन?

विक्रेता: जमीन प्लायची होती. आधीच्या मालकाने उखडून फायबरची टाकली.

आई: थांबा, खाली जाऊन बघते.

चिरंजीव: आई! सहासष्ट वर्षांची बाई गाडीखाली झोपते का?

आई: पंचवीस वर्षांची झोपते की काय? तिच्या साडीला डाग पडतो. टॉर्च दे. ...हं. टक्क. इथेही टक्क. दाभण जातच नाही. वजन काय हिचं?

विक्रेता: रिकामी चारशे ऐंशी.

आई: माझी छोटी गाडी सातशे ओढते, तिच्या पुस्तकात लिहिलंय. उरले दोनशे वीस. त्यात पाणी, गॅस, बॅटरी, सगळं धरून साठ. राहिले एकशे साठ. वहीत माझं सामान एकशे बारा भरतंय.

विक्रेता: काकूंनी वही केलीय?

चिरंजीव: महिनाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं घर चढलंय. परवा माझा चष्मा तोलत होती.

आई: वाटेत विसरून गेलास तर माहीत असावं.

चिरंजीव: सामान राहू दे. आपलं काय ठरलंय ते ह्यांना सांग.

आई: तूच सांग. अट तुझी आहे.

चिरंजीव: ठरलंय असं, की जी घेईल ती हिला एकटीला हलवता आली पाहिजे. दहा पावलं, सपाटीवर, कुणाचा हात न लागता. नाही हलली, तर मुकाट्याने आमच्याकडे यायचं, मागच्या खोलीत. बायकोने रंग दिलाय, पडदे लावलेत, उशाशी घंटीसुद्धा बसवलीय.

आई: घंटी वाजवली की येणार कोण? तुम्ही दोघं नोकरीवर. मीच उठून बघायचं, कोण वाजवतंय म्हणून.

चिरंजीव: हसण्यावारी नेऊ नकोस. शब्द दिलायस.

आई: दिलाय ना. धर ही पर्स. अहो, चाकामागच्या विटा काढा. कुठे लावायचे हात?

विक्रेता: पुढच्या दांडीपाशी उभ्या राहा आणि मागे रेटा. हात नको, पाठ लावा. सिमेंट सपाट आहे, फार जड जाणार नाही.

आई: हं... हं... हूं!

चिरंजीव: बास. आई, बास कर. तोंड लाल झालंय.

आई: गप. हं...!

चिरंजीव: नाही हलत. पाहिलंस ना? आता चल घरी. वाटेत तुझी उशी घेऊ.

आई: थांब. जड आहे म्हणून नाही हलत, असं नाहीये. आमचा गाडा जड होता. त्याला रेटलं की चाकं जराशी डुलायची आणि मग जागेवर बसायची. हिची डुलतही नाहीत. कुणीतरी धरून ठेवल्यासारखी आहेत. अहो, हातब्रेक सोडलाय ना?

विक्रेता: विटा काढल्या तेव्हाच सोडला मी, तुमच्यासमोर. ...अरे! हा तर ओढलेला आहे.

आई: आपोआप?

विक्रेता: आपोआप कसा ओढला जाईल, काकू? जोर लागतो त्याला. मी... मी जरा कागदपत्रं घेऊन येतो.

आई: जा. सावकाश या. ...काय चिरंजीव? पर्स दांडीपाशी खाली ठेवायला वाकलास तेव्हा ओढलास. लहानपणी कॅरममध्येसुद्धा तू कोपराने सोंगटी सरकवायचास. तेव्हाही कान लाल व्हायचे, आत्ताही झालेत.

चिरंजीव: हो, ओढला. मग? ओढला मी!

आई: का पण? खोलीचा रंग वाया जाईल म्हणून?

चिरंजीव: बाबा गेले तेव्हा तू फोन केलास, तोवर त्यांना जाऊन तास झाला होता. मी तीन गल्ल्या पलीकडे होतो, आई. तीन गल्ल्या! चपलेत पाय घातला असता तरी पोचलो असतो. आणि आता तू म्हणतेस, ही बादली जोडून जाते, कुठे ते वाटेत ठरवते. मग मला कळणार कधी? आठवड्याने?

आई: तुला आजवर सांगितलं नाही. तो तास मी चोरला.

चिरंजीव: म्हणजे?

आई: चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते बोलता बोलता रंधा घेऊन उठून जाणार नव्हते. मी शेजारी बसले, आणि इतकी वर्षं साठवलेलं सगळं बोलून घेतलं. भांडलेसुद्धा. मग तुला फोन केला. तुझा तास मी घेतला, कबूल. पण त्याची भरपाई म्हणून माझी उरलेली वर्षं मागू नकोस. ती मी देणार नाही. तुलाही नाही, सूनबाईलाही नाही, घंटीला तर मुळीच नाही.

चिरंजीव: मी कुठे मागतोय...

आई: ऐक. रोज सकाळी आठला मी फोन करीन. आठ वाजून पाच मिनिटं झाली आणि फोन नाही, तर निघायचं. मी कुठे आहे ते आदल्या दिवशी सांगितलेलं असेल. आता ब्रेक सोड. तूच ओढलास, तूच सोड.

चिरंजीव: ...सोडला.

आई: मागे हो. पावलं मोज, आणि मोठ्याने मोज. हं...!

चिरंजीव: हलली. एक. दोन... आई, हळू. तीन. चार. पाच... सहा... अगं, बास! मागे कुंपण आहे!

आई: दहा ठरलीत. मोज!

चिरंजीव: सात. आठ. नऊ. दहा. झाली. दहा झाली.

आई: हाश्श. सहा जणांचं काम केलं मी आज. वही दे इकडे. वाचत काय बसलास?

चिरंजीव: "बाबांचा फोटो, दहा ग्रॅम." एवढा हलका?

आई: फ्रेमशिवाय. फ्रेम लाकडी आहे, दीड किलोची. फ्रेम तू ठेव, माणूस मी नेते.

चिरंजीव: आणि हे काय? "खुर्ची, घडीची, दोन किलो." खाली परत, "खुर्ची, घडीची, दोन किलो." दोनदा लिहिलंस.

आई: दोनदा नाही लिहिलं. दोन आहेत.

चिरंजीव: एकटी जातेस ना? मग दुसरी कुणाला?

आई: कुणी आलं तर.

चिरंजीव: आणि नाही आलं तर?

आई: पाय ठेवीन. ...अहो कागदवाले! या आता, भांडण संपलं. आणि त्या नवा कागद लावलेल्या गाडीत बोटभर भोक आहे, ते पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवा. नाहीतर मी पाटी लावून जाईन.

(सात महिन्यांनंतर. फोनवर.)

चिरंजीव: हॅलो! आई? आई, आठ वाजून पंचवीस मिनिटं झालीत!

आई: ओरडू नकोस, ऐकू येतंय. माझ्या घड्याळात चोवीस आहेत.

चिरंजीव: बातम्यांत तुझ्याच बाजूचा पाऊस दाखवतायत, तीन दिवसांचा. मी अकरा वेळा फोन लावला. काय झालं? पडलीस? पाणी शिरलं? गाडी घसरली?

आई: झोपले होते.

चिरंजीव: काय?

आई: झोपले होते रे. फोन बंद करून उशीखाली. रात्रभर छपरावर पाऊस वाजत होता, डोळा असा लागला की आत्ता उघडला. लग्न झाल्यापासून आठपर्यंत झोपल्याचं मला तरी आठवत नाही. बाळंतपणातसुद्धा नाही. तू झोपू दिलंस कुठे?

चिरंजीव: इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू...

आई: चुकले. खरंच चुकले. पण झोप फार छान होती, त्याबद्दल माफी मागणार नाही.

चिरंजीव: गळतंय का?

आई: डाव्या खिडकीच्या रबरातून, ठिपूक ठिपूक. खाली वाटी ठेवलीय. भिंतींना सकाळी घाम येतो, तो पुसते. काल सगळीकडे दाभण लावून पाहिला. टक्क. इथे गाड्यांच्या तळावर शेजारी एक मोठं कुटुंब आलंय, लाकडी महाल घेऊन. काल घटकाभर उघडीप मिळाली तर त्यांच्या चार भिजक्या गाद्या माझ्या दोरीवर वाळत होत्या. माझ्या दोरीचं वजन तीनशे ग्रॅम, बरं का.

चिरंजीव: आणि त्या तळाच्या रखवालदाराचं काय झालं? जागा बदला म्हणत होता ना?

आई: आला होता. दारात उभा राहून विचारतो, "मालक कुठे आहेत?" म्हटलं, मालकाशीच बोलताय. मग म्हणतो, वर उंचावर न्यावी लागेल, ओढायला माणसं पाठवतो. म्हटलं, माणसं नकोत, बाजूला उभे राहा.

चिरंजीव: चढावर एकटीने?

आई: गाडीने ओढली. वर सपाटीवर शेवटची चार पावलं पाठीने. बघायला आठ जण जमले होते, टाळ्या एकानेच वाजवल्या. मागची खोली काय म्हणतेय?

चिरंजीव: इस्त्रीचं टेबल आहे तिथे आता.

आई: बघ, किती लवकर रुळली. घंटी?

चिरंजीव: काढली. ...आई, मी पाच मिनिटांचा नियम पाळला.

आई: म्हणजे? तू आहेस कुठे?

चिरंजीव: शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर. आठ-पाचला निघालो. पायात घरातल्या सपाता आहेत. आता तू ठीक आहेस म्हणतेस, तर फिरतो मागे. ऑफिसात काहीतरी सांगावं लागेल.

आई: टाकी भरलीस?

चिरंजीव: भरली.

आई: तिथून मी चार तासांवर आहे.

चिरंजीव: माहीत आहे. पण तुला कुणी नको असेल. मुद्दाम तपासायला आलो असं वाटेल.

आई: तपास की. तुझा दाभण तू आण.

चिरंजीव: येऊ मग?

आई: ये. सावकाश ये, रस्ता ओला आहे. तोवर मी दुसऱ्या खुर्चीवरचे पाय खाली घेते.